वहिनींनी फोडलेली भिंत

वहिनींच्या घरातल्या एका खोलीला खिडकी नव्हती. मुळात होती, पण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने ती विटांनी बुजवली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि आत रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांनी दारातूनच हाकललेले गायक, लग्नाच्या बँडमधले वाजवणारे, कारखान्याची पाळी संपवून येणारे गिटारवाले, सगळ्यांची गाणी तिथे रेकॉर्ड झाली. नवऱ्याचं शहरभर नाव झालं. वहिनींच्या वाट्याला आलं ते गप्प बसणं. आत गाणं सुरू झालं की पंखा बंद, नळ बंद, स्वयंपाकघरात चमचा वाजला तरी साहेबांचे डोळे लाल.

एकदा लहानगी मुलगी तापाने फणफणली. वहिनी दोनदा आत जाऊन सांगून आल्या. तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून नवऱ्याने मधल्या दाराला पलीकडून कडी घातली. घराबाहेर पडायची वाटही त्याच खोलीतून होती. "एवढं एक गाणं होऊ दे," म्हणाला. वहिनींनी दार बडवलं, हाका मारल्या. गाद्यांपलीकडे काही पोचेना. शेवटी त्यांनी पाण्याचं भरलेलं पातेलं उचललं आणि दारावर आदळलं.

तो आवाज टेपवर उमटला. जवळ कोरी टेप नव्हती, म्हणून गाणं तसंच बाजारात गेलं. मुलीला दवाखान्यात न्यायला मात्र संध्याकाळ झाली. ती वाचली, पण डावा कान गेला तो गेलाच. नवरा पुढे कितीतरी दिवस वहिनींशी बोलला नाही. कानावरून नव्हे, पातेल्यावरून!

कंपनी बुडाली, काही वर्षांनी नवराही गेला. सुटलो एकदाचे, असं वहिनींना वाटलं. तर आता त्या जुन्या रेकॉर्डी शोधत पोरंटोरं यायला लागली. त्यांच्या म्होरक्या दाढीवाल्याचा स्वतःचा बँड होता. ती खोली आहे तशी जपायची, लोकांना दाखवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. आणि त्याला घरात घेऊन आली ती वहिनींची मुलगीच.

"वहिनी, त्या गाण्यात मध्येच धाडकन आवाज येतो ना," दाढीवाला हात नाचवत म्हणाला, "या शहरातला प्रत्येक बँड तो आपल्या गाण्यात टाकतो. काय डोकं होतं साहेबांचं!"

वहिनींनी कप खाली ठेवला. "पातेलं होतं ते. मी आदळलं होतं. पोर तापाने जळत होती आणि तुझ्या साहेबांनी कडी लावली होती."

दाढीवाला पुढे सरकला. मग हळूच म्हणाला, "मग तर आणखीच भारी."

"चालता हो," वहिनी म्हणाल्या.

तो गेल्यावर मुलगी उसळली. "बाबांचं एवढं नाव होतंय, ते तुला बघवत नाही!"

"तुझा कान खाल्ला त्या नावाने."

"कान माझा आहे ना? मग त्याचं काय करायचं ते मी बघेन. तू तो सगळ्यांना दाखवत फिरू नकोस."

हे वहिनींना फार लागलं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला आणि बुजवलेल्या खिडकीवर घण घालायला लावला. बातमी फुटली. गवंड्याचं काम निम्म्यावर आलं तोवर दाढीवाला आपली टोळी घेऊन हजर. "हा ठेवा आहे, वहिनी!" तो रडकुंडीला आला होता.

"ठेवा हवाय? मग या गाद्या घेऊन जा. ढेकूण फुकट."

त्यांनी खरंच नेल्या! कुबट, फाटक्या गाद्या देवासारख्या डोक्यावर घेऊन ती पोरं जिना उतरली. वहिनी नव्या उजेडात उभ्या राहून खदाखदा हसल्या. हसताना त्यांच्या लक्षात आलं, मुलगीही त्या पोरांबरोबर निघून गेली होती.

दाढीवाला हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने नगरपालिकेत खटपट केली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर साहेबांच्या नावाचा संगमरवरी दगड बसवून घेतला. वहिनींना कुणी विचारलंही नाही. त्यांनी दगडाच्या वर दोन खिळे ठोकले, दोरी बांधली आणि त्यावर ओली चादर टाकली.

मुलगी महिन्या-दोन महिन्यांनी येते. खालीच थांबून चादर बाजूला सारते, मग वर येते. चहा होतो, चार तुटक शब्द होतात. ती कोपऱ्यावरून वळली की वहिनी खाली उतरतात आणि चादर पुन्हा नीट पसरतात.