काळ्या गोळ्याची कड

मुलांनो, तुमच्यातली जी जपानमध्ये शिकते आहे, तिने गेल्या आठवड्यात मला ज्वालामुखीच्या बेटावरच्या एका दगडाचा फोटो पाठवला. राखाडी दगड, त्यात अंड्याएवढा काळा गोळा. खाली विचारलं होतं, "आजी, आजोबांकडे असाच होता ना?" होता. फोनवर सांगायला गेले, तर क्रम चुकत गेला, म्हणून लिहिते आहे. तुम्ही कुणीच आजोबांना पाहिलेलं नाही आणि त्या दगडाची गोष्ट माहीत असलेली आता मी एकटीच आहे.

सत्तरच्या दशकात ते सोलापूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत आणि मी शाळेत इंग्रजी. सोलापुरात दगडाला तोटा नव्हता, पण सगळा एकाच जातीचा काळा पाषाण. त्यामुळे नौदलात गेलेल्या त्यांच्या विद्यार्थ्याने अंदमानाकडच्या एका निर्जन ज्वालामुखी बेटावरून असाच काळा गोळा असलेला मुठीएवढा दगड आणून दिला, तेव्हा ते हरखूनच गेले.

प्रश्न साधा होता. तो काळा गोळा तिथे आला कसा? वर येताना लाव्हाने वाटेतल्या जुन्या खडकाचा तुकडा तोडून आणला असेल, तर त्याची कड तुटकी, टोकदार असणार. पण जमिनीखाली एका शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, दुसरा, जास्त तापलेला शिलारस घुसला असेल, तर तो त्या मानाने थंड रसात एकदम गोठतो. मग कड नागमोडी होते आणि कडेलगतचे स्फटिक बारीक राहतात. दोन शिलारस असे मिसळतात, यावर त्या वेळी परदेशी नियतकालिकांत नव्याने लिहून येत होतं. आपल्या हातात त्याचा पुरावा आहे, असं आजोबांना वाटे. तो त्यांना स्वतः पाहून लिहायचा होता.

त्यासाठी दगडाची चकती काचेला चिकटवून, तिच्यातून उजेड जाईल इतकी पातळ घासून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. मागच्या पडवीत ते घासत बसत. भांड्यांना येणाऱ्या मंगळवेढ्याकडच्या बाई एकदा मला म्हणाल्या, "बाई, सायेब जुंधळं सोडून दगूड दळाय लागलं व्हय?"

पडवीतून आवाज आला, "पीठ देतो, भाकरी करा!"

"करते की! दात तुमचेच हायती न्हवं?"

चकती तयार झाली त्याच सुमारास त्यांना वाचताना अक्षरं गाळल्यासारखी दिसू लागली. नवी पेठेतल्या चष्मेवाल्याने दोनदा नंबर बदलून दिला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर मधोमध रक्त उतरलं आहे. मी विचारलं, काही करता येईल का? ते म्हणाले, साखर सांभाळा. विषय संपला.

त्यांना आजूबाजूचं सगळं दिसे. चौकट दिसे, भिंतीवरची पाल दिसे. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होई. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मधोमध फक्त डाग.

मग त्यांच्या जागी मायक्रोस्कोपशी मी बसू लागले. रविवारी सकाळी खिडकीतलं ऊन त्याच्या खालच्या आरशावर घ्यायचं आणि सांगत राहायचं.

"कड कशी आहे?"

"वळणावळणाची."

"तिथले स्फटिक?"

"बारीक वाटतात."

"वाटतात की आहेत?"

"अहो, मी व्याकरण शिकवते, दगड नाही."

"म्हणूनच सांगतो. हे क्रियापद चालणार नाही."

त्यांना काय हवं आहे हे मला माहीत होतं, आणि त्यामुळेच माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. कॉलेजातल्या तरुण सहकाऱ्याला बोलावलं. तो बघून म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता तसंच आहे." तो गेल्यावर आजोबा म्हणाले, "मी आधी काही बोललो नसतो, तर काय म्हणाला असता?"

एका दुपारी मला सुचलं. कड मोठी करून काढली, तर डागाच्या बाहेरून त्यांना दिसेल. मी मायक्रोस्कोपमध्ये बघत, उठत, पुन्हा बघत, बाहेरच्या खोलीच्या शहाबादी फरशीवर ती कड रांगोळीने काढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ते मान तिरकी करून तिच्या काठाने हळूहळू चालले. चेहरा उजळला. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि थांबले.

"अगं, ही वळणं दगडाची आहेत की तुझ्या हाताची?"

मी पुन्हा मायक्रोस्कोपकडे गेले. रांगोळीच्या एका वळणाजवळ काचेवर मला टोकदार कोपरा दिसला. पुन्हा पाहिलं, तर दिसला नाही. लहानपणापासून चिमटीतून गोल रेघच सुटत आलेली. कोपरा आला की हात आपोआप वळतो.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग लिहिता येत नाही," ते म्हणाले. रागावले नाहीत. खुर्ची चाचपत बसले आणि चहा मागितला. मी ओल्या फडक्याने फरशी पुसून घेतली. स्लाइड दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाला पाठवू या, असं मी पुढे अनेकदा म्हटलं. "पाठव," ते म्हणत, "पण ते त्यांनी पाहिलेलं असेल." मी पाठवली नाही आणि त्यांनीही आठवण केली नाही. पुढे बाजूचं दिसणंही गेलं. त्यानंतर ते बरीच वर्षं होते. तो लेख झाला नाही.

उरलेला दगड घर बदलताना कुठे गेला, कळलं नाही. स्लाइड माझ्याकडे आहे. चिकटवायचा डिंक पिवळा पडला आहे, काचेला तडा नाही. उजेडात धरली तर कड दिसते.