नानांच्या डोक्यातले वॉल्व

एमआरआयच्या मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी आधी एकच प्रश्न विचारते : अंगावर लोखंड काही आहे का? बायका जोडवी काढून ठेवतात. पुरुष घड्याळ काढतात आणि करदोट्याला अडकवलेली किल्ली हटकून विसरतात. माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा ते म्हणाले, "लोखंड घरी दाराआड उभं हाये."

ते लोखंड म्हणजे वॉल्वची चावी. माणसाच्या छातीपर्यंत येणारी सळई, वर आडवी मूठ. नाना शहराच्या पाणीपुरवठ्यात लाइनमन होते. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी आत घालायची, इतके फेरे फिरवायचे, की एका गल्लीचं पाणी बंद होऊन दुसरीचं सुरू. हे त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्त झाल्यावर ऑफिसची चावी परत दिली, पण लोहाराकडून स्वतः करून घेतलेली एक घरीच राहिली. आई तिच्यावर ओलं पायपुसणं वाळत घालायची.

नाना निवृत्त झाले आणि पाठोपाठ दुष्काळाची वर्षं लागली. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं, शहरात नळ आठव्या दिवशी येऊ लागले. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं रोज नवी इमारत, जुन्या रस्त्यांवर डांबर, डांबरावर काँक्रीट. त्या थरांखाली जुने वॉल्व गडप झाले. नकाशे अर्धे होते, तेही जुने. मग नवा लाइनमन आमच्या दारात गाडी लावायचा आणि म्हणायचा, "नाना, जरा चला ना." नाना चप्पल घालायचे, जाऊन भर रस्त्यात उभे राहायचे, इकडंतिकडं बघायचे आणि पायाच्या अंगठ्यानं खूण करायचे, "इथं खोदा." दोन फुटांवर झाकण लागायचं. त्या दिवशी नाना घरी येऊन एक पोळी जास्त खायचे.

आईला याचं कौतुक नव्हतं. "साऱ्या शहराला पाणी दावतंय हे माणूस, अन् लाइनमनच्या घरात भांडी कोरडी," असं ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची. भांडी धुतलेलं पाणी ती फाटकाजवळच्या जास्वंदीला घालायची. अर्ध्यातून कापलेल्या निळ्या पिंपात लावलेली ती जास्वंद फाटकाबाहेर अगदी वाटेत होती. वाळूजला शिफ्टला जाणाऱ्या माझ्या भावाला तिथं मोटारसायकल लावायची होती. पिंप वीतभर सरकवू का म्हणून त्यानं विचारलं, तर आईनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. म्हातारपणी माणसं झाडांत जीव गुंतवतात, असं म्हणून आम्ही विषय सोडला.

त्या दिवसांत आमच्या हॉस्पिटलमधल्या मेंदूविकाराच्या डॉक्टर मॅडमनी एक अभ्यास सुरू केला. विस्मरणाचा आजार जडलेल्या लोकांच्या मेंदूची दरवर्षी त्याच पद्धतीनं छायाचित्रं घ्यायची आणि कुठला भाग किती झिजला ते बघायचं. आठवणी साठवण्याच्या कामातला एक भाग कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत असतो. करंगळीएवढा, दोन्ही बाजूंना एकेक. या आजारात बहुतेक वेळा तो लवकर आक्रसायला लागतो. पण वयानं सगळ्यांचाच मेंदू थोडा झिजतो, म्हणून तुलनेला त्याच वयाची धडधाकट माणसंही हवी होती. आणि धडधाकट माणसं काही केल्या मिळेनात. काही झालेलं नसताना त्या बोगद्यात कशाला जायचं, असं जो तो म्हणे. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मॅडम, माझ्या वडिलांना आणते. सबंध शहराच्या पाइपलाइनी त्यांना पाठ आहेत."

पहिल्या वर्षी नाना मशीनमध्ये इतके निश्चल पडले, की ते झोपलेत असं मला वाटलं. चित्रं काचेसारखी स्वच्छ आली. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. आम्हा टेक्निशियन लोकांना एवढंच बोलायची मुभा असते, आणि ते वाक्य मी झोपेतही बोलू शकते.

दुसऱ्या वर्षी मशीनच्या आधी नेहमीची तोंडी परीक्षा झाली. नानांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी शेजारी बसले होते. वार कोणता, मॅडमनी विचारलं. नाना हसून म्हणाले, "आज आमच्याकडं पाण्याचा दिवस." मॅडमनी पेन उचललं. मी मध्ये पडले. म्हटलं, "मॅडम, तुम्ही बाहेरून आलात. आमच्या शहरात सोमवार-मंगळवार कुणी सांगत नाही. पाणी कधी येऊन गेलं आणि कधी येणार, हेच आमचं पंचांग. बरोबर आहे त्यांचं." मी वादात सहसा हरत नाही. त्याही विचारात पडल्या आणि त्यांनी तो गुण नानांना दिला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग नाना मशीनमध्ये गेले आणि मी काचेमागे स्क्रीनसमोर बसले. डोक्याचे उभे काप एकेक करून वर येऊ लागले. करंगळीएवढा तो भाग मला बारीक दिसला. दोन्हीकडं बारीक, आणि भोवतीची काळी जागा वाढलेली. मी स्वतःला सांगितलं, कोन चुकला. काप तिरका गेला तर तो भाग लहान दिसतो, हे खरंही आहे. मी गेल्या वर्षीचं चित्र शेजारी लावलं, कोन तंतोतंत जुळवला आणि पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतल्यावर नानांनी, आतून हाक द्यायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. मी माइकवरून विचारलं, "काय झालं, नाना?"

"काही नाय. मोटर लई वेळ चालली, म्हणून म्हटलं."

मी मशीन बंद केलं. त्यांनी विचारलं, "काय दिसलं?" आणि मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." आवाज नेहमीसारखाच ठेवला.

दुपारी त्यांना घरी सोडलं. अंगणात घागरी, बादल्या, कळशा ओळीनं मांडलेल्या होत्या. मी आईला म्हटलं, "आलं का पाणी?"

"काल येऊन गेलं," आई म्हणाली.

"मग ही भांडी?"

तिनं नानांकडं बघितलं. ते नळापाशी उकिडवे बसून तोटीला हात लावून पाहत होते. आई हळू आवाजात म्हणाली, "संक्रांतीपासनं रोज सकाळी म्हणतेत, आज पाणी हाये. मी रोज मांडते. नाय मांडली की घाबरतेत. थोड्या वेळानं मी म्हणते, आज लाइन फुटली असंल. मग उठतेत."

मला आईचा भयंकर राग आला. इतके महिने! सांगितलं का नाही? हे सगळं मी तिला ओरडून बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगून काय केलं असतंस? मशीनमधी घातलं असतंस." आईनं झाकलं होतं, आणि मी तर वाद घालून त्यांना गुणही मिळवून दिला होता. ज्याला मी पंचांग म्हणत होते, तेच त्यांच्या हातातून सुटलं होतं. शहराबाहेरच्या माणसाला जे लगेच खटकलं, ते मला खटकलं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना जाऊन सांगितलं, "कालचा तो गुण काढून टाका." त्यांनी तो खोडला. मग म्हणाल्या, नानांना अभ्यासात ठेवूच, फक्त गट बदलेल. धडधाकट असतानाचं आणि नंतरचं, अशी दोन्ही चित्रं एकाच माणसाची मिळणं फार मोलाचं असतं. हो, मोलाचं. मला त्या क्षणी त्यांचं तोंड बघवेना. पुढं समजलं, की त्यांच्या आईलाही हाच आजार होता आणि तिचं एकही जुनं चित्र त्यांच्याकडं नव्हतं.

उठताना मी विचारलं, "त्यांना वॉल्व दाखवायला बोलावतात. जाऊ देऊ का?" मॅडम म्हणाल्या, कालचं आधी जातं, जुनं बराच काळ टिकतं. पण किती काळ, ते कुणी सांगू शकत नाही.

हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला. गारखेड्यात एक वॉल्व सापडत नाही म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी रजा टाकून सोबत गेले. टंचाईच्या दिवसांत नानांच्या शब्दावर भलताच रस्ता फोडला गेला असता, तर लोकांनी त्यांना काय म्हटलं असतं, ते मला ऐकायचं नव्हतं. नाना एका मोबाइलच्या दुकानासमोर उभे राहिले. म्हणाले, "इथं लिंब होता. लिंबापासनं सात पावलं." तो कडुलिंब कधीच तोडला गेला होता. नसलेल्या झाडापासून त्यांनी सात पावलं टाकली आणि अंगठा टेकवला. झाकण तिथंच निघालं. परत येताना त्यांनी मला तीनदा विचारलं, आपण जेवलो का.

त्याच संध्याकाळी मी एक दोनशेपानी वही आणली. सुटीच्या दिवशी सकाळी नानांना स्कूटरवर मागं बसवायचं आणि एकेक भाग घ्यायचा, असं ठरवलं. मुकुंदवाडी झाली, जुना बाजार झाला, शहागंज झालं. ते सांगायचे, मी लिहायची : अमक्या मशिदीच्या कोपऱ्यापासून नऊ पावलं, उलट्या आट्याचा वॉल्व, डावीकडं फिरवल्यावर बंद होतो. कधी ते चिडायचे, "सारखं काय लिहितेस? मी हाये ना." मी म्हणायची, "माझं अक्षर सुधारायचंय." एकदा एका चौकात ते बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "चल घरी." ते पान मी कोरं सोडलं. वहीची एक प्रत मी नव्या लाइनमनला देत गेले. त्यानंही कधी एका शब्दानं विचारलं नाही, की नाना हल्ली त्याच्या गाडीत का बसत नाहीत.

तिसऱ्या वर्षीचं चित्र घ्यायला कोन जुळवायची गरजच नव्हती. कुठूनही बघितलं तरी दिसत होतं. नानांना उठवून बसवलं, चष्मा दिला. त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

तोंडात ते वाक्य तयार होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "कमी झालंय, नाना. गेल्या वर्षीपेक्षा बरंच."

ते पाय खाली सोडत म्हणाले, "कमी झालं म्हणून बंद नसतं करायचं. पाळी लावायची." आणि चप्पल शोधू लागले.

घरी आलो. स्कूटर फाटकापाशी थांबली, तर ते उतरेनात. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "वही हाये का? एक राहिलाय. डोक्यात हाये तवर लिही." मी पर्समधून वही काढली. ते म्हणाले, "आपलं फाटक. जास्वंदीच्या पिंपाखाली."

मला वाटलं, त्यांचा गोंधळ होतोय. पण ते नीट, एकेक शब्द सांगत होते. जुन्या मोठ्या लाइनचा एक फाटा तिथं होता. कुठल्याच नकाशावर नव्हता. दोन फेरे उघडला, की आमच्या गल्लीला रोज पाणी आणि उतारावरच्या वस्तीला थेंब नाही. त्यांनी तो कधीच बंद केला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. "तुझ्या आयला बोलू नको," ते म्हणाले. "साऱ्या दुष्काळात बोलणी खाल्ली, पण सांगितलं नाय. तिला कळलं तर जीव खाईल माझा."

मी शेवटच्या पानावर लिहिलं. नाना आत जाऊन पडले. मला काही राहवेना. स्वयंपाकघरात आई पीठ मळत होती. मी तिला म्हटलं, "आई, फाटकात जास्वंदीच्या पिंपाखाली काय आहे, तुला माहीत आहे का?"

पीठ मळता मळताच ती म्हणाली, "मग पिंप तिथं कुणी ठेवलं?"