गच्चीवर वाळलेला चाबूककोळी

रश्मीला बसवेना की उठवेना. तिची पीएचडी ज्याच्यावर टांगलेली, तो भुयारात सापडलेला, चाबकासारख्या लांब पायांचा एकुलता एक चाबूककोळी आईनं स्पिरिटाच्या बाटलीतून काढून अकोल्याच्या उन्हात कुरडयांशेजारी वाळू घातला होता.

"ओलं खराब होते, बाप्पा! मले काय मालूम, त्याचं गोत्र पाहाचं हाय?"

"गोत्र नाई वं माय, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए! तो मायकडूनच येते. त्यावरून समजते, हा कोणाचा भाऊबंद."

"मंग मायनंच जपला ना!"

रश्मीला हसू येईना. उन्हानं डीएनएचे तुकडे झाले असणार. पण एकेका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, थोडा तरी तगला असेल. तिनं कोळी डबीत घातला, अमरावतीची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डीएनएची फिकट पट्टी दिसली, तेव्हा कुठं ती खुर्चीला टेकली.