मोठ्या तोंडाच्यापुढे कुरूप बाळ

एनेबिशबाईंच्या नावाचा अर्थच मुळी "ही नव्हे". आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. पोर न्यायला कुणी भूतखेत आलंच तर उत्तर तयार असावं, ही नव्हे! आमच्या मंगोलियात, या गोबीच्या वाळवंटात, अशी नावं पुष्कळ. बाई साठी ओलांडून ठणठणीत आहेत, म्हणजे नाव काही वाया गेलं नाही.

गावातल्या संग्रहालयाची किल्ली त्यांच्याच कमरेला. आत टार्बोसॉर या मांसाहारी डायनासोरचा सांगाडा उभा, छताला टेकेल एवढा. पण ते नाव बाई कधी उच्चारत नाहीत. लांडग्याचं तरी कुठे घेतात? नाव घेतलं की दारात हजर, ही इथली जुनी समजूत. लांडगा म्हणजे "रानातलं कुत्रं" आणि हा "मोठ्या तोंडाचा".

"आजी, तो मेलाय की!" शाळेतली पोरं खिदळतात.

"मेला म्हणून दात पडलेत का रे त्याचे? बघ, कडांना करवतीसारखे दाते आहेत. हात मात्र एवढेसे, बोटं दोनच, नाक पुसायच्याही कामाचे नाहीत. सगळी भिस्त जबड्यावर. बदकतोंड्या, पालाखाऊ डायनासोरांचा कळप कुठे चरतोय ते त्याला वासावरूनच कळायचं. मग म्हातारं नाहीतर लंगडं हेरायचं आणि धरायचं. खालचा जबडा असा घट्ट अडकायचा, की सुटायची बातच नको. शिकार नाही मिळाली तर मेलेलं जनावरही चालायचं. एवढं पोट भरायचं म्हणजे नखरे कसले?"

सून मिचिदमा त्याच शाळेत विज्ञान शिकवते. सासूच्या या लपवाछपवीला ती मनमुराद हसायची. मग तिची दोन बाळं गेली, एकामागून एक, आणि घरातलं हसणंच गेलं. आता तिसरी मुलगी झाली, चांगली धडधाकट, आणि बारशावरून दोघींची जुंपली.

"खुनबिश ठेवू," बाई म्हणाल्या.

"'माणूस नव्हे'? आई, पोटच्या पोरीला मी अशी हाक मारू? गेरेल ठेवायचं. उजेड."

"उजेड लांबून दिसतो गं बये!"

"कुणाला दिसतो? तुमच्या त्या हाडांच्या सापळ्याला?"

झालं! अबोला. एकीनं चहा ठेवायचा, दुसरीनं मुकाट्यानं प्यायचा. बाईंना राग नव्हता, नुसती भीती होती. तिसरंही गेलं तर ही सून उभी राहायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते बोलणार कसं? बोललं की तेही दारात हजर.

बारशाच्या आदल्या दुपारी मिचिदमा बाळाला घेऊन संग्रहालयात आली. ती बाळंतपणात असताना एक नवी काचपेटी आली होती, तिच्यापाशी थबकली. आत छोटीशी कवटी.

"हे कुणाचं?"

"याचंच पिल्लू. दोन-तीन वर्षांचं असेल. जबडा नाजूक, हाडं फोडायची ताकद नाही. सरडेबिरडे धरून जगायचं बिचारं."

"गेलं कशानं?"

"कुणास ठाऊक. एवढ्या दातांची आई होती, तिलाही नाही राखता आलं."

बोलून गेल्या आणि बाईंनी जीभ चावली. मिचिदमा काचेवर हात ठेवून उभी होती.

"गेरेलच ठेव," बाई शेवटी म्हणाल्या. "तिथे दात पुरले नाहीत, माझं नाव काय पुरणार? मला नुसती भीती वाटते गं. बाकी काही नाही."

"मला काय वाटत नाही?" मिचिदमा म्हणाली. तिनं मान वर करून त्या मोठ्या तोंडाकडे पाहिलं. मग झटक्यात बाळाच्या तोंडावर रुमाल ओढला आणि वर्गात ओरडावं तशी ओरडली, "शी! काय कुरूप कार्टं आहे हे! फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही!"

एनेबिशबाईंना खूण पटली. मग कोपऱ्यातल्या शेगडीतली काजळी बोटावर घेऊन आल्या, रुमाल जरासा सारला आणि बाळाच्या नाकाला बोट लावलं.

"कुरूप कसलं," त्याही वर बघत ठणकावून म्हणाल्या, "अगं, बघवत नाही!"

दोघींचे डोळे वाहत होते. रुमालाखाली गेरेल शिंकली.