कुणीतरी हात घातलाय

फुंकरमामांच्या दुकानात बिघडलेली कुठलीही वस्तू आली की ते आधी तिच्यावर फुंकर मारत. टीव्ही असो, प्रिंटर असो नाहीतर कुणाच्या लेकीचा लॅपटॉप असो, आधी फुंकर आणि मग निदान. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आपली पाटी अशी काही ठोकली होती की मामांच्या नावाची निम्मी अक्षरं तिच्या पोटात गेली होती. मामांनी भांडण काढलं नाही. धंदा नावावर चालत नाही, जिभेवर चालतो, असं त्यांचं मत होतं.

आणि जीभ त्यांची चांगलीच चालायची. तीस वर्षांपूर्वी ते ज्यांच्या हाताखाली टीव्ही दुरुस्ती शिकले, त्या उस्तादांनी त्यांच्या हातात सोल्डरिंग गन देण्याआधी तोंडात एक वाक्य दिलं होतं. गिऱ्हाईक यंत्र टेबलावर ठेवतं न ठेवतं तोच मान हलवायची आणि म्हणायचं, "आत कुणीतरी हात घातलाय." चार शब्द, पण गिऱ्हाईक गार. कारण कुठल्याही घरात हात घालणारा एकजण असतोच, आणि उद्या यंत्र आपल्याच हातून बिघडलं तर खापर फोडायला डोकं आधीच शोधून ठेवलेलं बरं. मामांनी हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल त्याला गणती नाही. घरी भाजी खारट झाली तरी ते बायकोला म्हणत, "आत कुणीतरी हात घातलाय." ती म्हणे, "हो, मीच. उद्यापासून तुम्ही घाला."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. चांगला भाग काढून घ्यायचा आणि जुनाट बसवून द्यायचा, हे या धंद्यातलं उघड गुपित. मामांनी ते कधी केलं नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू चहाच्या बशीत ठेवत आणि मोजून परत लावत. एवढं सगळं प्रामाणिकपणे करणाऱ्याने तोंडाने एक वाक्य खोटं बोललं तर बिघडलं कुठं, असा त्यांचा हिशोब असावा. खरं म्हणजे हिशोबही नव्हता. सवय होती.

मंगळवारी सकाळी विमा कंपनीत काम करणारा एक तिशीचा माणूस गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन आला. एका बाजूला काच, आत चार रंगांचे दिवे, पंखे मोजायचे तर दोन्ही हातांची बोटं लागावीत. दिवसभर पॉलिसींची कटकट झाली की रात्री दोन तास हाच काय तो त्याचा विसावा, हे त्यानेच सांगितलं.

"रविवारपासून वेड्यासारखं करतोय," तो म्हणाला. "मधेच निळा पडदा यायचा, आपोआप बंद होऊन चालू व्हायचा. आता पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच."

मामांनी काच काढली नव्हती. चष्मासुद्धा अजून कपाळावर होता. मान हलवून ते म्हणाले, "आत कुणीतरी हात घातलाय."

यावर गिऱ्हाईक एकतर "छे हो, कोण घालणार!" असं म्हणतं, नाहीतर ओशाळं हसतं. या माणसाचा चेहरा मात्र उतरला.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "वडील आहेत घरी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, जन्मभर तारांशी खेळले. आता विसरायला लागलेत. मागच्या महिन्यात मिक्सर उघडून बसले आणि परत जोडता येईना. गॅस दोनदा चालू राहिला. या वेळी मात्र छातीवर हात ठेवून म्हणाले, मी त्याला शिवलोसुद्धा नाही."

"वय झालं की व्हायचंच," मामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तो पायरीवर जाऊन बायकोशी फोनवर बोलला. आवाज हळू होता, पण दुकान आठ फुटांचं. "हो, बाबाच... अगं, मेकॅनिकच म्हणाला. न उघडता ओळखलं त्याने... मग आता ठरलं तर. त्या लोकांना हो म्हणून कळव." मामांनी ऐकलं. काय ठरलं आणि कोण ते लोक, हे त्यांना कळलं नाही, आणि दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायची त्यांची रीत नव्हती.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी काच काढली. आत धुळीचा थर होता. मेमरीच्या पट्ट्यांवर, तारांवर, बोर्डावर, सगळीकडे सारखा. मुंगी चालून गेली असती तरी पाय उमटले असते, पण कुठे बोट नाही की ओरखडा नाही. डोळ्यांनी हे पाहिलं, डोक्याने घेतलं नाही. मामांनी गाल फुगवले आणि एक सणसणीत फुंकर मारली. उरलेली धूळ ब्रशने झाडली.

मग नेहमीची तऱ्हा. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या उपटल्या, त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासले आणि परत बसवल्या. पडदा उजळला. मामा स्वतःवरच खूश होऊन चहा सांगणार, तोवर निळा पडदा आला. ऑपरेटिंग सिस्टीमचे तुकडे झाले होते. म्हणजे ती पुसून नव्याने टाकणं आलं. खेळ आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर होते. त्या डिस्कची वायर त्यांनी आधी काढून ठेवली, कारण एकदा घाईत त्यांनी एका नवरा-बायकोचं अख्खं लग्न पुसून टाकलं होतं आणि त्या बाईंच्या शिव्या अजून त्यांच्या कानात होत्या. मग पेन ड्राइव्ह लावला आणि बसले पाहत.

बासष्ट टक्क्यांवर गाडी अडली. पुन्हा सुरू केली तर सतरावर. तिसऱ्या वेळी फाइल सापडत नाही म्हणून कुरकूर. मामांनी पेन ड्राइव्ह बदलला. डिस्क बदलली. बुधवार अख्खा त्यात गेला. दर वेळी चूक वेगळी, आणि वेगळी चूक म्हणजे दुरुस्तीवाल्याचा जीव खाणं. गुरुवारी सकाळी त्यांनी हार मानली आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, मेमरी तपासायला लावली. थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. एकेक पट्टी वेगळी तपासली. पहिली स्वच्छ, दुसरी लाल.

पट्टीच आतून सडली होती. गेले कित्येक आठवडे तिच्याकडे ठेवायला दिलेलं ती भलतंच करून परत देत होती, आणि कॉम्प्युटर बिचारा ते खरं मानून डिस्कवर लिहीत होता. आत कुणी हात घातला नव्हता. "सापडली एकदाची!" मामा मोठ्याने म्हणाले, चांगल्या पट्टीवर काम सुरू केलं आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळी या म्हणून फोन केला. त्याच्या वडिलांची आठवण त्यांना तेव्हाही झाली नाही. हे लिहिताना मला त्यांचा राग येतो, पण खरं आहे ते असं आहे.

दुपारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, बटणं जिथल्या तिथं, खिशाला पिन लावून कार्ड अडकवलेलं, त्यावर पत्ता आणि फोन नंबर. त्यांनी टेबलावरचा कॉम्प्युटर ओळखला.

"नमस्कार. या कॉम्प्युटरचा गुन्हेगार मी."

मामा उठून उभे राहिले. "बसा काका."

"बसत नाही, झोपमोड व्हायच्या आत घरी जायचंय. सून दुपारची पडली आहे. मला एकच दाखवा. मी आत काय केलं?"

"म्हणजे?"

"अहो, मी पस्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. चालू तारेला कधी अंदाजाने हात लावला नाही. मला आठवत नाही मी हा उघडल्याचं. पण तुम्ही जाणकार आहात, न उघडता सांगितलंत, म्हणजे असेलच." ते थांबले. "रविवारी मला पोचवणार आहेत. गावाबाहेर जागा आहे, झाडं आहेत म्हणे, माणसं आहेत बघायला. माझी तक्रार नाही. मी हात लावला असेन आणि मला आठवत नसेल, तर मी गेलंच पाहिजे. घरात तीन वर्षांची नात आहे. पण लावला नसेल, तर..."

वाक्य पुरं झालं नाही. कोण ते लोक आणि काय ठरलं, सगळं मामांना एका दमात उलगडलं.

"काका, तुम्ही काही केलं नाही," ते म्हणाले. "कुणीच केलं नाही."

"माझं मन राखायला बोलू नका."

मामांनी त्यांना हाताला धरून पडद्यापुढे नेलं. सडकी पट्टी लावली, तपासणी पुन्हा सुरू केली आणि लाल ओळी दाखवल्या. म्हातारबुवांनी चष्मा पुसून वाचलं. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग हळूच म्हणाले, "म्हणजे जोडणी बरोबर आहे, पण आतली लाइनच निरोप भलता पोचवतेय."

"अगदी तसंच!"

"मग तुम्ही असं का म्हणालात?"

मामांनी खाली मान घातली. "सवय आहे, काका. येईल त्याला म्हणतो."

म्हातारबुवा रागावतील, चार शब्द सुनावतील, या तयारीत मामा उभे होते. पण म्हातारबुवा हसले. तोंडभर हसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायलाही विसरले. "मी केलं नाही," ते म्हणाले. "बघा, मला आठवत होतं ते बरोबर होतं." मग एकदम घाबरून म्हणाले, "लिहून द्या मला. घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यातून जाईल. तुमचा शिक्का मारून द्या."

मामांनी बिलबुकातलं पान फाडून लिहिलं. कॉम्प्युटर मेमरीची पट्टी खराब झाल्यामुळे बंद पडला, कुणीही उघडलेला नव्हता, मी आधी बोललो ते खोटं होतं. खाली सही केली आणि शिक्का मारला. म्हातारबुवांनी कागदाची चार घड्या केल्या, खिशात घातला आणि जाताना दारातून दोनदा खिसा चाचपून पाहिला.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. कॉम्प्युटर चालू होता, सिस्टीम नवी कोरी, खेळ जागच्या जागी. मामांनी त्याला काही बघू दिलं नाही, आधी बोलायला लागले. पट्टी हातात ठेवली, लाल ओळींचा फोटो दाखवला. "तुमच्या वडिलांनी याला हात लावलेला नाही. ते मी उगाच म्हणालो होतो."

तो थकलेलं हसला. "बाबा येऊन गेले ना तुमच्याकडे? चिठ्ठी दाखवली त्यांनी."

"मग?"

"मामा, मागच्या महिन्यात त्यांनी रखवालदाराकडून लिहून आणलं होतं, गॅस त्यांनी चालू ठेवला नव्हता म्हणून. तो बिचारा आमच्या घरात कधी आलेलासुद्धा नाही. लोकांना दया येते, देतात लिहून. तुम्हीही दिलीत. तुमचा राग नाही मला."

"दया नाही हो! खरं आहे ते. ही पट्टी बघा."

"पट्टी खराब आहे, कबूल. पण ती कशाने झाली? कुणी नुसता हात लावला तरी जाऊ शकते ना?"

मामांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर आत्ता बोलायला हवं होतं. पण आज नेमकं त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. "जाऊ शकते," ते म्हणाले. "पण तसं झालेलं नाही. आत धूळ होती, बोट लागलं नव्हतं कुणाचं."

"कुठाय धूळ?"

कॉम्प्युटर काचेसारखा लख्ख होता.

"परवा तुम्ही मला ओळखतही नव्हतात," मुलगा समजुतीच्या आवाजात म्हणाला. "माझे वडील कोण, काय, काही माहीत नव्हतं. तेव्हा खोटं बोलून तुम्हाला काय मिळणार होतं? आज ते येऊन रडून गेले. मग तुम्ही मंगळवारी खरं बोललात की आज? तुम्हीच सांगा."

"सवय आहे मला. मी सगळ्यांनाच म्हणतो तसं."

हे बोलताना ते किती पोकळ वाटतं ते मामांना स्वतःलाच ऐकू आलं. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. त्या बघण्यात कंटाळा नव्हता, राग नव्हता, नुसता धीर होता. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर तो असाच बघत असणार.

"तुमचं मन मोठं आहे," तो म्हणाला. "आम्हाला काय हौस आहे का त्यांना पाठवायची? बायको महिनाभर झोपलेली नाही. मीच आजवर नाही नाही म्हणत होतो. मंगळवारी तुम्ही बोललात तेव्हा कुठे मला धीर झाला."

त्याने कॉम्प्युटर छातीशी धरून उचलला. दारापर्यंत गेला आणि काहीतरी आठवून वळला.

"मामा, एक विचारायचं राहिलं. रविवारी बाबांची खोली मोकळी होतेय, हा तिथे मांडावा म्हणतोय. मोठी खिडकी आहे. याला हवा लागते ना?"

"लागते," मामा म्हणाले. "भिंतीपासून हातभर पुढे ठेवा."