पुढील स्टेशन, खडवली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या पोरींना तर नाहीच. आणि मी काही गप्प बसणारी नव्हे — ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटताना दिसेन. ‘मुरूम म्हणजे घाण नव्हे.’ ‘घासू नका, फोडू नका, डॉक्टरला दाखवा.’ आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत — ‘कुणाच्या चेहऱ्याला नावं ठेवू नका!’ ती ओळ माझी. क्रीमवाल्यांची लूट सांगताना माझा आवाज असा चढतो की माईक लागत नाही.

मग आत्ताच का अडखळतेय?

दहावीचं वर्ष. डोंबिवलीतला आमचा क्लास सुटला की मी आणि पल्लवी दोघींत एक शेवपुरी घ्यायचो आणि शेवटच्या पुरीवरून भांडायचो. रविवारी तिच्या गच्चीवर मुलतानी माती फासून बसायचो. हसायचं नाही, माती तडकते — म्हणून हसू जास्तच यायचं. तो ओल्या मातीचा वास अजून नाकात आहे. खरं सांगू? तेवढं मी नंतर कुणाबरोबर हसलेच नाही.

त्या वर्षी तिला मुरूम आले. येणारच की, वयच ते. त्वचेत तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, आत सूज येते — आज हे मी घडाघडा म्हणते. तेव्हा? तेव्हा मला मागच्या बाकावर हशा हवा होता. दुसरं काही नाही.

ती दारातून आत येत होती. दोन्ही गालांवर लाल खडे उठलेले. मी शेजारी बसलेल्या रोहनच्या कानाशी वाकले — “पल्लवी नाही रे, खडवली!”

रोहनने नाक दाबलं आणि लोकलमध्ये स्टेशनांची नावं सांगणाऱ्या बाईचा आवाज काढला. “पुढील स्टेशन… खडवली.” क्लास फुटला. तीही हसली — कशाला ते न कळून.

कळलं तेव्हा तिने गच्चीवर विचारलं, “कुणी काढलं गं हे?”

“रोहन. अजून कोण?”

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला झापलं. “ए, तूच तर म्हणालेलीस!” तो ओरडला. “बघ, वर माझ्यावर ढकलतोय,” मी म्हटलं. पल्लवीने माझा हात घट्ट धरला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग ती घासायला लागली. लिंबू-मीठ, टूथपेस्ट, एकदा तर पाय घासायची वज्री. आरशासमोर नखांनी फोडत बसायची. गच्ची बंद झाली. परीक्षेनंतर क्लासची पिकनिक कुठे गेली असेल? खडवलीला, नदीवर. ती आली नाही. मी गेलेले. पाण्यात खेळलेसुद्धा.

लोकांना वाटतं, गालावर खड्डे होते म्हणून ते नाव पडलं. उलट आहे. मी नाव ठेवलं तेव्हा नुसते खडे होते, आपोआप गेलेही असते. खड्डे नंतर पडले — ते नाव पुसता पुसता.

मध्यंतरी ठाण्यात खोपटला आमचा कार्यक्रम झाला. मी नेहमीसारखी तावातावाने बोलले. संपल्यावर एक बाई पुढे आली. ट्यूबलाइटखाली तिच्या गालांवर बारीक बारीक सावल्या पडलेल्या. पल्लवी.

“तू अजून तशीच गं,” ती म्हणाली. “रोहनला झापलेलंस, आठवतं? अख्ख्या क्लासमध्ये एकटी तूच माझ्या बाजूने होतीस.”

ऑफिसात वाटायला तिने पत्रकं मागितली. मी अख्खा गठ्ठाच दिला. तिने तिथेच उभ्या उभ्या वरची ओळ वाचली, जाड अक्षरांतली.

“ही तूच लिहिलीस ना? छान आहे.”

मी थँक्यू म्हटलं.