साड्यांच्या दुकानातलं रानडुक्कर

एक साडी दाखवा म्हणून गिऱ्हाईक बसतं आणि उठेपर्यंत गादीवर ढीग पडलेला असतो. किश्शांचं तसंच आहे. एक काढावा तर त्याच्या घडीतून दुसरा निघतो, आणि सगळे परत घड्या घालून ठेवायला माणूस मिळत नाही. बीडच्या बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे, त्यामुळे ढिगाची मला सवय आहे. पण वर्षभरात माझ्या उजव्या खांद्यापायी जे किस्से जमले, ते आता एकटीला आवरत नाहीत. बसा, चहा सांगते.

किस्से आमच्या तिरंदाजीच्या टोळीचे. टोळी मोठी नाही. उस्मान सर, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर, ते आमचे गुरू. अप्पा, गूळ-शेंगदाण्याचे ठोक व्यापारी, आमच्या ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र. अप्पांचं तोंड झोपेत तरी मिटतं का, ते त्यांच्या बायकोला, सुशीलावहिनींना विचारायला हवं. दत्ता रिक्षावाला. आणि मी, मंगल. माझी मुलगी सरांकडे शिकायची. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तिचं धनुष्य कपाटावर पडून राहिलं. एकदा धूळ झटकायला खाली काढलं, सहज दोरी चढवून ओढून पाहिली, आणि बिघडले ती बिघडलेच. तेव्हापासून रोज सकाळी कपिलधारच्या रस्त्याला अप्पांच्या पडीक रानात आम्ही जमतो.

*

आधी डुकराचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून आहे.

दत्ताची सासुरवाडी दिंद्रुडची. तिकडे रानडुकरांनी भुईमुगाची पार वाट लावली होती. जावई बाण मारतो हे सासऱ्यांच्या कानावर गेलं, आणि "मग या की पलटण घेऊन" असा निरोप आला. अप्पा लगेच तयार. शिकारीला म्हणून त्यांनी टोपीसुद्धा घेतली.

उस्मान सरांनी विषय तिथेच मिटवला. म्हणाले, "खऱ्या जनावराला बाण लावला तर जेल हाय. आन् तुमचा नेम बघता बाण जनावराला न्हाई, सासऱ्याला लागतो."

तरी टोळीची हौस मरू नये म्हणून सरांनी एक खोटं डुक्कर करवून घेतलं. सुताराकडून चौकट, गादीवाल्याकडून फोमचे थर, आणि रंगवायला पाट्यांचा पेंटर. त्या माणसाने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. त्याने डुक्कर चांगलं हसरं केलं.

अप्पा चिडले. "आरं, रानडुक्कर हाय ते. रागीट कर की."

पेंटर म्हणाला, "चेहरा परसन्न पायजे अप्पा. नसता गिऱ्हाईक येत न्हाई."

दत्ताने ते रिक्षात घातलं, वर चादर टाकली, आणि चारी पाय बाहेर ठेवून भर बाजारातून निघाला. कोणीतरी फॉरेस्टवाल्यांना फोन केला. कपिलधारच्या फाट्यावर गार्डसाहेबांनी रिक्षा अडवली, चादर ओढली, तर डुक्कर त्यांच्याकडे बघून हसतंय. त्यांनी पोटात बोट दाबलं. बोट आत गेलं आणि फोम परत वर आला. त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग दत्ताला म्हणाले, "ह्याला कोणतं कलम लावू, तूच सांग बे."

पुढच्या रविवारपासून गार्डसाहेबही बाण मारायला यायला लागले.

*

नियम अप्पांनी केला. दसऱ्याच्या सकाळी सर सोडून प्रत्येकाने एकच बाण मारायचा. डुकराच्या छातीवरच्या लाल गोलाच्या मध्याला ज्याचा बाण सगळ्यात जवळ लागेल, त्याच्याकडे वर्षभर डुक्कर. जो मारणार नाही त्याचा हक्क गेला. डुक्कर आपल्याच गोदामात उभं राहणार, याची अप्पांना खात्री होती. पहिल्याच दसऱ्याला ते माझ्याकडे आलं.

आता आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंही येत नाही, आणि मी रिक्षातून आख्खं डुक्कर घेऊन दारात उभी! ह्यांनी दार अडवलं. मग म्हणाले, "घरात न्हाई. दुकानात ठिव. आन् देवाकडं त्याचं तोंड नको."

देवाकडे पाठ केल्यावर त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे आलं. माजलगावकडची एक नवरीची आई शालू बघायला आली होती. बराच वेळ तिची नजर एकदा माझ्याकडे, एकदा डुकराकडे. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी भाव सांगितला की हे हासतंय. खरा भाव सांगा."

मला कमी करावा लागला. पण त्या डुकराचा मला अभिमान होता, आणि आहे. लग्नानंतर एवढ्या वर्षांत फक्त माझं असं जिंकून आणलेलं तेवढंच होतं.

*

संक्रांतीच्या आधी दुकानात मरणाची गर्दी. काळ्या साड्या सगळ्यात वरच्या फळीवर. दुकानातला मुलगा स्टूल आणायला गेला होता, तेवढा धीर मला धरवला नाही. टाचा उंचावून गठ्ठा ओढला, गठ्ठा आला, आणि त्याच्या वजनाने हात मागे गेला. खांद्यात काहीतरी सुटलं. काळ्या साड्यांच्या ढिगात बसून मी पहिलं काय म्हटलं असेल, तर "उजवा गेला."

डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन लागेल. मी विचारलं, नंतर धनुष्य ओढता येईल का? त्यांनी मान वर करून विचारलं, "नाटकात काम करता का?" मी सगळं समजावून सांगितलं. डुकराचंही सांगितलं. ते म्हणाले, "आधी आपले केस आपण विंचरता येऊ देत."

आमचे हे हसले. मला मात्र ते फार लागलं.

*

ऑपरेशनच्या दिवशीचा किस्सा मी पाहिलेला नाही, कारण मी भुलीत होते. पण टोळीतल्या प्रत्येकाने तो मला इतक्यांदा सांगितलाय की आता पाहिल्यासारखाच वाटतो.

शुद्धीवर येताना मी म्हणे एकच धोशा लावला होता. "माझं डुक्कर कुठंय? माझ्या डुकराला कोणी नेलं तर नाही? त्याला आत बोलवा."

नर्स नवी होती, बिचारी. ती बाहेर आली. बाकावर अप्पा, दत्ता आणि आमचे हे बसलेले. तिने विचारलं, "पेशंटचे मिस्टर कोण?"

हे उठले.

"आत जा. तुम्हाला बोलवायल्यात."

*

पट्ट्यात हात अडकवून घरी बसले होते, तेव्हा अप्पा भेटायला आले. हातात मोसंबी. दुखतंय का, झोप लागती का, सगळी चौकशी केली. मग म्हणाले, जाता जाता दुकानात डोकावतो.

संध्याकाळी दुकानातल्या मुलाने सांगितलं, अप्पा टेप घेऊन आले होते. डुकराची लांबी, उंची मोजून गेले.

मी फोन लावला. अप्पांनी मुळीच लपवलं नाही. "वहिनी, गुळाच्या ढेपा सरकवून जागा केलीय. आता तुमच्यानं दसऱ्याला काय व्हायचं न्हाई. डुकराचे हाल कावून करायचे?"

माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "दसऱ्याला मी मारणार. आणि डुक्कर राखलं तर?"

"राखलं तर आमच्या हिला तुमच्या वरच्या फळीवरची साडी घेईन. ती म्हणल ती."

हा माणूस कसा आहे ते सांगायला हवं. सुशीलावहिनी इतकी वर्षं आमच्याकडे येतात, पण अप्पा बरोबर असले की खालच्या, स्वस्तातल्या फळीच्या वर त्यांची नजर जाऊ देत नाहीत. त्यामुळे तो शब्द साधा नव्हता. मी फोन ठेवला आणि डाव्या हाताने तोंड झाकून खूप रडले. वेणीसुद्धा आमचे हे घालून देत होते, तीही साडीच्या निऱ्या चोपाव्यात तशी. दसरा कुठला नि काय कुठलं.

*

व्यायामाला दवाखान्यातून रबरी पट्टा दिला होता. तो तुटला. दत्ताने पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली आणि दुकानाच्या खिडकीच्या गजाला बांधून दिली. गिऱ्हाईक नसलं की मी ट्यूब ओढायची, सोडायची. एका म्हातारीने बराच वेळ बघितलं आणि पोराला म्हणाली, "घेऊ नको रे इथून. मालकीणच ताणून बघायलीय, म्हंजी माल कच्चा हाय."

डॉक्टरांनी धनुष्याला हात लावायची परवानगी दिली, तशी मी रानात गेले. माझं धनुष्य मागितलं. सरांनी दिलं दुसरंच. शाळेतल्या लेकरांचं, हलकं, आणि त्याच्यावर फुलपाखराचं स्टिकर.

मी म्हटलं, "सर, मी दुकानदारीण आहे, बालवाडीत नाही."

"ताई, बाणाला काय मालूम, कमान कुणाची हाय?"

"लोकांना मालूम आहे ना."

"मग लोकांना मारा," सर म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

मी दोन दिवस रुसून घरी बसले. तिसऱ्या दिवशी गेले आणि फुलपाखरू उचललं. दोरी ओढली, खांदा कुरकुरला, पण हनुवटीपर्यंत आली. बाण निशाणाच्या निम्म्या वाटेतच जमिनीत शिरला. दत्ता म्हणाला, "काकू, आज मूग पेरायले का?"

पुढे रोज तेच. हलक्या धनुष्याचा बाण खाली पडतो, म्हणून नेम वर धरायचा. किती वर, हे कोणी सांगून कळत नाही. मारून, वाकून, शोधून कळतं. मला ते कळायला अख्खा पावसाळा लागला. सर रोज माझ्या मागे उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. पावसाळ्यात कधीतरी माझे केस मीच विंचरले आणि ते लक्षातच आलं नाही. ह्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

*

खंडेनवमीला दुकानात कात्री, मोजायचा गज आणि ते फुलपाखराचं धनुष्य, तिन्हींची पूजा केली. दसऱ्याला सकाळी सगळे रानात. डुक्कर समोर उभं, गळ्यात झेंडूची माळ, तेवढंच हसतंय. सुशीलावहिनीही आल्या होत्या. त्या कधी येत नाहीत.

गार्डसाहेबांचा बाण बाभळीत गेला. दत्ताचा डुकराच्या कानात बसला. अप्पांनी खास दसऱ्यासाठी नवं जड धनुष्य मागवलं होतं. ओढताना त्यांचा चेहरा टमाट्यासारखा झाला, पण बाण सुटला तो थेट लाल गोलाच्या काठाशी. गोलाच्या आत होता, खोटं कशाला बोलू. चांगला बाण होता. अप्पांनी टोपी काढून सगळ्यांना दाखवली.

मग मी. बाण मारायच्या खुणेच्या दगडापाशी उभी राहिले, बाण लावला आणि हात वर नेला. डुकराच्या वर, त्याच्या मागच्या कडुलिंबाच्या झाडाच्याही वरच्या फांदीवर नेम धरला.

अप्पांना राहवलं नाही. "वहिनी, डुक्कर खाली हाय. वर पाखरं हायेत."

कोणी हसलं नाही. मला वाटतं, सगळ्यांना वाटलं की खांदा अडकला. दत्ताने मान फिरवली. दुखत होतं का? होतं. पण ते माझं मला माहीत होतं, आणि फांदीही माहीत होती. दोरी सोडली.

हलक्या धनुष्याचा बाण सावकाश जातो. इतका सावकाश, की अप्पांना मधे बोलायला वेळ मिळाला. "गेला," अप्पा म्हणाले.

मग बाण पोचला.

गोलाच्या मधोमध. सर चालत गेले, वाकून बघितलं, बोटाने अंतर मोजायची गरजच नव्हती. परत आले, माझ्या हातातलं धनुष्य घेतलं, फुलपाखरावरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाले, "आता तुमची कमान देतो." एवढंच. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर रडले आणि मला काडीची लाज वाटली नाही.

*

दोन दिवसांनी अप्पा आणि सुशीलावहिनी दुकानात आले. अप्पा गप्प. वहिनी गादीवर अशा ऐसपैस मांडी घालून बसल्या, की तसं बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "कोणती दाखवू?"

त्यांनी वर बोट केलं. अगदी वरची फळी, अगदी कोपरा. "ती मोरपंखी. लई दिवसांपासून बघून ठेवलीय."

मुलगा स्टूल आणायला धावला. आमचे हेही उठले. मी म्हटलं, "बसा सगळे."

टाचा उंचावल्या. उजवा हात वर नेला, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, फळीपर्यंत. गठ्ठ्याच्या मधून मोरपंखी तेवढी ओढली आणि वहिनींच्या मांडीवर ठेवली.

वहिनींनी पदर उलगडला. अप्पांनी भावाची चिठ्ठी बघितली, पुन्हा बघितली. मग मान वळवून कोपऱ्यातल्या डुकराकडे बघितलं.

"कावून हासायलास बे?"